शब्दचर्चा : सुचण्याला ‘वाफसा’ येतो का?

विचारणा (दर्यापूर तालुका)

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवते. भित्तिपत्रकासाठी मुलं कविता लिहितात. परवा फळ्यावर मथळा लिहिला, ‘लेखनाची प्रेरणा कशी मिळवाल?’ सहावीतल्या एका मुलीनं विचारलं, “मॅडम, प्रेरणा म्हणजे बक्षीस काय?” तिला चूक म्हणवेना. प्रेरणा मिळते, देतात, घेतात. सगळी क्रियापदं बक्षिसाचीच आहेत.

घरी हे सांगितलं. सासूबाई दरवर्षी भुलाबाईच्या गाण्यात एखादं नवं कडवं जोडतात. त्या म्हणाल्या, “लेकरायले सांग, वाफसा आल्याबिगर पेरत नसतात. मले बी गानं तसंच सुचते.” वाफसा हा शब्द मनासाठी, सुचण्यासाठी आणखी कुणी वापरलेला ऐकला आहे का? की हा आमच्याच घरातला?

उत्तर (अकोट)

गाण्यासाठी नाही ऐकला ताई, पण माझे वडील भांडणासाठी वापरत. भाऊबंदकीत कुणी रागावून गेलं की म्हणत, “आत्ताच जाऊ नोको बोलाले, वाफसा येऊ दे.”

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. पाऊस पडला म्हणजे लगेच वावरात जाता येत नाही. आपली काळी माती भारी. ओलीत वखर घातला तर ढेकळं निघतात, पुढं ती दगडासारखी होतात. फार थांबलं तर वरचा थर कडक होतो, भेगा पडतात. मधल्या काही दिवसांत मातीत पाणीही असतं आणि हवाही. तो वाफसा. मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि सोडायचा. पडून भुगा झाला तर वाफसा आला, चपटा झाला तर अजून थांबा.

सासूबाईंचं म्हणणं मला तंतोतंत पटतं. बाप गेला त्या आठवड्यात मी पानंच्या पानं लिहिली होती. सगळी ढेकळं. वर्षभरानं चार ओळी आल्या, त्या मात्र टिकल्या.

उत्तर (यवतमाळ)

शब्दांच्या बाजूनं थोडं. ‘प्रेरणा’ ईर् या धातूपासून आला आहे, आधी ‘प्र’ हा उपसर्ग. अर्थ हलवणं, पुढं ढकलणं. म्हणजे ढकलणारा कुणी तरी बाहेर हवा. मुलीला बक्षीस वाटलं त्याचं मूळ इथंच आहे. ‘स्फूर्ती’ स्फुर् पासून. थरथरणं, लकाकणं. बाहू स्फुरतात तेच हे. ती आतून येते, पण क्षणभराची असते. ‘हुरूप’ वेगळाच, तो काम सुरू झाल्यावर चढतो. दोन कडवी झाली, कुणी मान डोलावली, की हुरूप.

आणि साधं ‘सुचणं’ मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. आपण ‘मी सुचलो’ म्हणत नाही. मला सुचलं, मले सुचलं. आठवणं, आवडणं यांच्याच पंगतीतलं क्रियापद. कर्ता मी नाही, माझ्याकडं काही तरी आलं. वाफसाही तसाच, वावराला ‘येतो’. शेतकरी तो आणू शकत नाही, ओळखू शकतो. मुलांना हे व्याकरणातूनच शिकवता येईल.

उत्तर (देसाईगंज वडसा)

माझा थोडा विरोध आहे. वाफसा ही कापसाच्या, ज्वारीच्या मुलखाची भाषा. आमच्या धानाला वाफसा लागतच नाही. आम्ही बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, पाणी साठवून चिखल करतो आणि त्या चिखलातच रोवणा, म्हणजे रोपांची लावणी करतो. तुम्ही ज्याला ‘अजून थांबा’ म्हणता त्यातच आमचं पीक उभं राहतं.

झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याची, नाटकंही तशीच. धान निघालं, दिवाळी झाली, की मंडया म्हणजे गावजत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती सुरू होतात, गावोगाव रात्रभर नाटक. तारीख ठरलेली असते. लेखकाला वाफशाची वाट बघता येत नाही. पण म्हणून तो रिकाम्या हातानं बसतो असं नाही. त्याच्याकडं पऱ्हे असतात. पऱ्हे म्हणजे रोवण्याआधी एका कोपऱ्यात दाट बी टाकून वाढवलेली धानाची रोपं. वर्षभर कानावर पडलेले संवाद, बाजारातलं एखादं भांडण, एखादं मरण, हे सगळं एका कोपऱ्यात दाट टाकून ठेवलेलं. वेळ आली की उपटून मोठ्या बांधीत लावायचं. मी स्वतः असं लिहितो. एकटाकी बी फेकून आलेलं माझं एकही नाटक नाही.

‘काव्यप्रकाश’ लिहिणाऱ्या मम्मटानं काव्याचं कारण सांगताना शक्ती, निपुणता आणि अभ्यास हे तीन मिळून एकच कारण मानलं. पऱ्हे टाकणं मला त्या निपुणतेसारखं वाटतं. लोकव्यवहार, शास्त्रं आणि काव्यं निरखून ती येते असं तो सांगतो.

उत्तर (अकोट)

भाऊ, मान्य. एक शब्द राहिला म्हणून पुन्हा लिहितो, ‘ओल’. ताईंचा तालुका आणि आमच्याकडचा बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो. विहिरीचं पाणी खारट, ते पिकाला देता येत नाही. म्हणून इथं खरा प्रश्न पाऊस येण्याइतकाच ओल राखण्याचा असतो. डवरा, म्हणजे पिकाच्या ओळींमधून ओढायचं कोळपं, फिरवला की वरची माती भुसभुशीत होते, भेगा बुजतात, खालची ओल उडून जात नाही. म्हणून डवरणीला अर्धं पाणी म्हणतात. हरभरा तर पाऊस गेल्यावर पेरतात आणि तो नुसत्या ओलीवर येतो.

सुचलेलं टिकवायचं कसं, याला मला एवढंच उत्तर माहीत आहे. माझी वही रोज उघडतो. लिहिण्यासारखं काही नसलं तरी जुनी दोन पानं वाचतो, एखादा शब्द खोडतो, बदलतो. ते माझं डवरणं.

मूळ विचारणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. मथळा बदलला. आता फळ्यावर आहे, ‘तुम्हाला कधी सुचतं?’ एकानं लिहिलं, म्हशी पाण्यात बसल्यावर. एकीनं लिहिलं, आईसोबत कापूस वेचताना, पण घरी येईपर्यंत विसरते. तिला ओटीत ठेवायला छोटी वही आणि पेन्सिल दिली.

सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. वडशाच्या भावांचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं. धान त्यांनी कधी लावलेला नाही. त्यांचा एक प्रश्न आहे, “त्या भावाले इचार, पऱ्हे किती दिवसाचे झाले का रोवतात?”

उत्तर (देसाईगंज वडसा)

आईंना नमस्कार सांगा. साधारण एकवीस ते पंचवीस दिवसांचे. त्याहून जून झाले तर लावता येतात, पण फुटवे कमी येतात.