स्लायडर सरकवून सापेक्षता कळते का?

विश्रामबागकर
सांगलीत बी.एस्सी.ला शिकवतो. यंदा विशिष्ट सापेक्षता फळ्याआधी सिम्युलेशनवर घेतली. वर्गात मिरजेहून रेल्वेने येणारी मुलं आहेत, म्हणून त्यांचीच गाडी धरली. डब्यात प्रकाशघड्याळ: समोरासमोर दोन आरसे आणि मध्ये खालीवर करणारा प्रकाशाचा ठिपका. गाडीचा वेग प्रकाशवेगाच्या ०.६ पट केला की फलाटावरून तो ठिपका तिरका जाताना दिसतो, वाट लांबते. फलाटावर सव्वा सेकंद होतो तेव्हा डब्यातल्या घड्याळात एकच. हेच मी पायथागोरस मांडून वर्षानुवर्षं सांगत आलो, मुलं मुकाट उतरवून घ्यायची. या वेळी मागच्या बाकावरून आलं, "सर, पण गाडीतल्याला फलाटावरचं आपलं घड्याळ हळू दिसणार ना?" आता तुम्हीच सांगा.

आलेखकागद
प्रश्न झकास. पण मी साताऱ्यात हाच प्रयोग केला आणि पेपर तपासताना कपाळाला हात लावला. 'वेगात असलेल्या माणसाला स्वतःचं घड्याळ संथ झाल्याचं जाणवतं.' एकाने नाही, अर्ध्या वर्गाने लिहिलं! दोष पडद्याचा. पडद्यावर अख्ख्या गाडीत एकच 'आत्ता' असतो आणि पोरगं वरून देवासारखं बघतं. १९०५ साली आइन्स्टाइनने मोडली ती नेमकी हीच समजूत.

विश्रामबागकर
मग गाडीच्या दोन्ही टोकांना घड्याळं लावा की. गाडी ३ लाख किलोमीटर लांबीची घ्या (एवढी कोयना एक्सप्रेस नसते, ठाऊक आहे). गाडीतल्यांच्या मते दोन्ही घड्याळं जुळलेली. फलाटावरून मोजलं तर पुढचं घड्याळ मागच्यापेक्षा ०.६ सेकंद मागे. बटण दाबून फलाटावरून गाडीत जाता येतं. तुमचा 'आत्ता' तिथेच फुटतो.

आलेखकागद
बटण दाबलं की चित्र बदलतं, डोकं नाही. मुलाला वाटतं, हे दुसरंच चित्र. आलेख कागदावर आडवं अंतर, उभी वेळ घेऊन त्याने पट्टीने स्वतः गाडीतल्याचा तिरका अक्ष ओढला, की एकाच कागदावर दोघांचे 'आत्ता' वेगळे पडलेले दिसतात. हात दुखतो, पण राहतं.

माहुलीचा_पासवाला
मी विद्यार्थी, दोन्ही प्रकार भोगलेत. आलेखात माझे अक्ष कधीच जुळले नाहीत, माफ करा सर. पण सिम्युलेशनवरही माझा विश्वास बसला नव्हता. ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्याने सूत्र आत घातलंय, मग तेच बाहेर येणार! ते काही पुराव्याचं काम नाही. मला पटलं ते म्यूऑनच्या गणितात (वैश्विक किरणांमुळे वर वातावरणात तयार होणारा अल्पायुषी कण). म्यूऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतो. तेवढ्यात प्रकाशवेगानेही जेमतेम ६६० मीटर. जन्म साधारण १५ किलोमीटर उंचीवर, तरी जमिनीवर भरपूर पोचतात. वेग प्रकाशवेगाच्या ०.९९५ पट धरला तर गॅमा, म्हणजे आपल्या दृष्टीने त्याचं आयुष्य किती पट लांबतं तो आकडा, १०, म्हणजे साडेसहा किलोमीटर. त्याहून वेगवान असतील ते आणखी खाली. हे कुणी प्रोग्रॅममध्ये घातलेलं नाही.

विश्रामबागकर
शाब्बास. म्यूऑन पहिल्या तासाला, कबूल. पण स्लायडर सोडणार नाही. फक्त बटण दाबायच्या आधी कुठलं घड्याळ मागे पडेल, ते प्रत्येकाला वहीत लिहायला लावीन.

आलेखकागद
लावा. आणि किती जणांनी पुढचं लिहिलं, किती जणांनी मागचं, तो आकडा इथे टाका. वर्गातल्या हुशार एकट्याचा नको, सगळ्यांचा.