बेकरी शिकायची तर कॉलेजात की भट्टीवर? तुमचे अनुभव लिहा

मैदा_आणि_मीठ
भाचीची बारावी झाली. काल आली ती दोन गोष्टी घेऊनच. एक, बेकरी-कन्फेक्शनरीच्या एका वर्षाच्या डिप्लोमाचं माहितीपत्रक. दुसरा, त्यांच्या गावातल्या बेकरीवाल्याचा निरोप, "पोरीला पाठवा, शिकवतो, पगारही देतो." मला म्हणाली, मावशी तू सांग. तिच्याशी बोलता बोलता माझे ते सगळे दिवस वर आले, म्हणून हा धागा.

मी बारावीनंतर थेट बेकरीत लागले. रात्रपाळीला बाई नको म्हणून मला दुपारच्या खारी-टोस्टवर ठेवलं होतं, पाव रात्रीच व्हायचा. उस्ताद काटा वापरत नसत. मैदा पोत्याने, पाणी डब्याने, मीठ मुठीने. विचारलं की म्हणायचे, "हात लाव, कळेल." आणि खरंच कळायला लागलं. पीठ बोटाला किती चिकटतं, दाबलं की किती वेळात परत वर येतं, हे मी तिथे शिकले.

पुढे डिप्लोमा केला. तिथे पहिल्याच आठवड्यात टक्केवारी शिकवली. मैदा कायम १००, बाकी सगळं मैद्याच्या टक्क्यात. साध्या पावाला पाणी ६० च्या आगेमागे, मीठ २. सुट्टीत गावी गेले तेव्हा उस्तादांची मूठ काट्यावर ठेवायला लावली. पोत्याच्या हिशोबाने बरोब्बर दोन टक्क्यांच्या आसपास! ते हसले आणि परत मिठाच्या डब्याकडे वळले.

माझं मत आधी काम, मग डिप्लोमा. हात तयार असला की वर्गातलं सगळं पटापट जागेवर बसतं. तुमचं कसं झालं ते लिहा.

डेक_ओव्हन
मी उलट सांगेन ताई. आधी कॉलेज. मुंबईत मे महिन्यात पीठ मिक्सरमध्येच फुगायला लागतं. आमचे मिस्त्री म्हणायचे बर्फ टाक. किती? "बघून टाक." कॉलेजात हिशोब मिळाला. पीठ मळून झाल्यावर २६ अंशावर हवं, तर २६ गुणिले ३, म्हणजे ७८. त्यातून खोलीचे ३३, मैद्याचे ३२ आणि मिक्सरच्या घर्षणाचे १० वजा करा. उरले ३. म्हणजे पाणी ३ अंशाचं, बर्फाचंच. हे एकदा डोक्यात बसलं की थंडीत, पावसात, कुठल्याही गावात पाव तसाच निघतो. बघून शिकायला वर्षं जातात आणि तेवढ्यात किती घाणे वाया जातात, ते मालकाला विचारा.

सुमाताई_ठाणे
वाचतेय. लेकीसाठी. कुकर लावून येते.

खारी_प्रेमी
खारीचा विषय निघालाच आहे तर, पुण्यात आता चांगली खारी कुठे मिळते? पदर सुटलेली, तेलकट नको. श्रूजबरीला कयानीच, त्यात वाद नाही, पण खारीचं सांगा.

म्हापशेकर
आमच्या घरात पोदेरपण, म्हणजे गोव्यातला पाव भाजायचा धंदा, आजोबांपासून. कॉलेज हा शब्दच नव्हता. पोयी, उंडो, कात्रे, काकणां, हे सगळे आमचे पाव बापायच्या, म्हणजे वडिलांच्या, बाजूला उभं राहून शिकलो. पूर्वी पीठ सुरेवर, म्हणजे माडाच्या ताडीवर, फुगवायचे, मी शिकलो तोवर यीस्ट आलं होतं. भट्टी तापली का बघायला बापूय मूठभर पीठ आत फरशीवर टाकायचा. लगेच काळं पडलं तर थांबायचं, हळूहळू तांबूस झालं तर पाव आत. पावसात लाकडं ओली, मग तोच अंदाज बदलायचा. हे कुठल्या वर्गात शिकवतील असं मला वाटत नाही.

पण एक बोलतो. माझ्या पोराने हॉटेल मॅनेजमेंट केलं आणि परत येऊन पहिली गोष्ट केली ती म्हणजे वही घातली. कुठल्या महिन्यात किती यीस्ट, किती वेळ. बापूय गेला तेव्हा त्याचं अर्धं ज्ञान त्याच्याबरोबर गेलं. आता जाणार नाही.

मैदा_आणि_मीठ
@म्हापशेकर, दादा, वहीचं वाचून डोळ्यात पाणी आलं. आमच्या उस्तादांचंही कुणी लिहून ठेवलं नाही.

नकोसा_फॉन्डंट
कुणी फसू नये म्हणून लिहितेय. मी एका खासगी अकॅडमीत भरपूर पैसे भरले. नोकरी लावून देतो म्हणाले होते. सहा जणींत एक केक. शेफ करणार, आपण फोटो काढायचे. ब्रेड दोन दिवसांत गुंडाळला, बाकी सगळं फॉन्डंटची, म्हणजे केकवरच्या साखरेच्या लगद्याची, फुलं. नोकरीला गेले तेव्हा पहिल्या दिवशी खारीचा पाट लाटायला दिला आणि मला लाटणं धरता येईना. महिनाभर रोज रडत घरी आले.

पैसे भरण्याआधी विचारा: डेमो किती, स्वतःच्या हाताने किती? एका ओव्हनमागे किती मुलं? इंटर्नशिप कुठे, आणि तिथे पाव करायला देतात की नुसती भांडी? आणि मागच्या तुकडीतल्या कुणाचा तरी नंबर मागा. देत नसतील तर उठून या.

सुमाताई_ठाणे
अगं बाई, किती गं त्रास झाला. आता कुठे आहेस?

नकोसा_फॉन्डंट
आता ठीक आहे ताई. त्याच बेकरीत लॅमिनेशन, म्हणजे पिठात लोणी-तूप घालून घड्या घालत पदर करणं, सांभाळते. खारी, पॅटिस, क्रोसाँ, सगळं माझ्याकडे. @खारी_प्रेमी, बेकरीचं नाव नाही सांगत, पण खारी दुपारी ट्रेमधून काढल्या काढल्या घ्या, तेव्हाच पदर सुटतात.

निकर_नदीकाठी
मी जर्मनीत, श्टुटगार्टजवळ. इकडे हा प्रश्नच पडत नाही. बेकरचं आउसबिल्डुंग, म्हणजे काम करत शिकायचं प्रशिक्षण, तीन वर्षांचं असतं. आठवड्यातले एक-दोन दिवस शाळा, बाकी दिवस बेकरीत काम, आणि दर महिन्याला पगार. शेवटी परीक्षा. स्वतःची बेकरी काढायची तर पुढची माइस्टर, म्हणजे उस्तादाची, परीक्षाही लागते. माझ्या शेजारचा मुलगा रात्री दोनला सायकलवरून जातो, दुपारी झोपतो.

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून ओळखीतले बरेच जण विचारतात. सगळ्यांना एकच सांगते, आधी जर्मन शिका. शाळेत पिठाचं रसायनशास्त्र जर्मनमधूनच शिकवतात, तिथे इंग्रजी कामाला येत नाही.

दुपारची_डुलकी
नानकटाईला अमोनिया (बेकरीत फुगवायला वापरतात ती पावडर) घालावा की बेकिंग पावडर? माझी बसते.

डेक_ओव्हन
अमोनिया पातळ, कोरड्या जिनसांनाच. खारं बिस्किट वगैरे. भाजताना वायू पूर्ण निघून जायला हवा. जाड केकात घातला तर वास आतच अडकतो. नानकटाईला सोडा-पावडर पुरे, तूप मात्र थिजलेलं फेटा, वितळलेलं नको.

दुपारची_डुलकी
थँक्यू! तूप वितळलेलं घेत होते.

आयटीआय_मास्तर
सगळे डिप्लोमा की बेकरी यावर बोलताय, आयटीआय कुणी लिहीतच नाही म्हणून. 'बेकर अँड कन्फेक्शनर' हा एक वर्षाचा ट्रेड आहे, दहावी पास चालतं. प्रॅक्टिकलवर भर. शासकीय आयटीआयची फी खासगी अकॅडमीच्या जवळपासही जात नाही. नंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कंपनीत किंवा हॉटेलच्या बेकरीत अप्रेंटिस लागता येतं, विद्यावेतन मिळतं. म्हणजे शाळा आणि काम दोन्ही, कर्ज न काढता. ट्रेड सगळ्या आयटीआयत नसतो, जिल्ह्याच्या यादीत बघा. प्रवेश ऑनलाइन, दहावीच्या निकालानंतर सुरू होतात. गावाकडच्या मुलांपर्यंत हे पोचत नाही याचं मला फार वाईट वाटतं. कृपया पुढे पाठवा.

मैदा_आणि_मीठ
सर, मनापासून आभार. हे मला माहीतच नव्हतं. तिच्या वडिलांना फोन लावते, फीचीच चिंता होती त्यांना.

कंबर_सांभाळा
एक व्यावहारिक गोष्ट. पोरीला विचारा, मैद्याचं ५० किलोचं पोतं दोघांनी मिळून का होईना उचलता येतं का? दिवसभर उभं राहता येतं का? मला काम आवडायचं, पण पाठीने साथ दिली नाही. आता घरून केक करते. फी भरायच्या आधी महिनाभर कुठल्याही बेकरीत काम करू दे. पगार मिळो न मिळो.

डेक_ओव्हन
याला पूर्ण अनुमोदन. आणि पगार मात्र मागायचाच. फुकट राबवून घेणारे खूप आहेत.

सुमाताई_ठाणे
लेकीला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणते तिला ब्रेड नाही, चॉकलेटचं करायचंय. त्याचं कुणी केलंय का? ठाणे-मुलुंड असेल तर बरं.

नकोसा_फॉन्डंट
ताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा.