अनुभव धागा: या स्ट्रक्टमधून त्या स्ट्रक्टमध्ये

मधलीफळी
गो या भाषेत सर्व्हिस लिहिणाऱ्यांना हे रोजचं दुखणं ठाऊक आहे. टेबलासाठी एक स्ट्रक्ट (म्हणजे एकत्र बांधलेल्या फील्डांचा साचा), आतल्या लॉजिकसाठी दुसरा, एपीआयच्या उत्तरासाठी तिसरा. फील्डं बहुतेक तीच. मग नाव बरोबर नाव, पिनकोड बरोबर पिनकोड, अशी जपमाळ ओढत बसायचं. आमच्या टीममध्ये यावरून दोन तट पडलेत. एक म्हणतो हातानेच लिहा, दुसरा म्हणतो लायब्ररी असताना मरायचं कशाला. तुमच्याकडे काय चालतं? नुसतं लायब्ररीचं नाव नको, ती प्रॉडक्शनला गेल्यावर काय झालं तेही येऊ द्या. जावा आणि रस्टवाल्यांनाही आमंत्रण आहे.

सेमीकोलनमुक्त
आधी फुकटात मिळणारं घ्या. दोन्ही स्ट्रक्टमधली फील्डांची नावं, टाइप आणि क्रम तंतोतंत एक असेल तर मॅपर (एका स्ट्रक्टची फील्डं दुसऱ्यात भरणारा कोड) लागतच नाही. ग्राहकउत्तर(ग्राहक) असं सरळ कन्व्हर्जन होतं. २०१७ च्या गो १.८ पासून टॅग (फील्डपुढे लिहिलेल्या जेसनसारख्या सूचना) वेगळे असले तरी कंपायलर कुरकुरत नाही. आत 'पत्ता' नावाचा स्ट्रक्ट असेल आणि दोन पॅकेजेसमध्ये त्याचे दोन वेगळे टाइप असतील, तर मात्र अडतं. कोणी एका बाजूला फील्ड वाढवलं की बिल्ड फुटतो. फुटू दे, मला तेच हवं असतं.

रात्रपाळी
जुन्या कंपनीत 'कन्व्हर्ट' नावाचं एक फंक्शन होतं. आत दोनच गोष्टी: एका स्ट्रक्टचं जेसन (डेटाचं मजकुरी रूप) करायचं आणि ते दुसऱ्यात उघडायचं. कुठलाही टाइप द्या, कुठलाही घ्या. सगळे खूष. पुढे कोणीतरी त्यात मधली पायरी घातली. जेसन आधी मॅपमध्ये (नाव-किंमत जोड्यांच्या यादीत, टाइप न सांगता) उघडायचं, नको ती आतली फील्डं काढायची, पुन्हा जेसन करून पुढच्या स्ट्रक्टमध्ये ओतायचं. वाचायला स्वच्छ कोड होता, रिव्ह्यूमध्ये कोणी हूं की चूं केलं नाही.

मग सपोर्टकडे तक्रारी यायला लागल्या की ऑर्डर सापडत नाही. सगळ्याच नाही, फक्त काही. आमचे ऑर्डर आयडी चौसष्ट बिटांचे, स्नोफ्लेक पद्धतीचे, म्हणजे वेळेवरून बनवलेले लांबलचक आकडे. लॉगमधला आयडी आणि डेटाबेसमधला आयडी शेजारी शेजारी लावल्यावर दिसलं, शेवटचे आकडे वेगळे. टाइप सांगितला नाही तर गोचं जेसन पॅकेज प्रत्येक संख्या फ्लोट६४ मध्ये (दशांश संख्यांच्या टाइपमध्ये) उघडतं, आणि त्यात ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढचे सगळे पूर्णांक मावत नाहीत. शेवटी ९९३ असलेला आयडी आत जातो, ९९२ होऊन बाहेर येतो. परत लिहिताना तो साध्या पूर्णांकासारखाच छापला जातो, म्हणून पुढच्या इंट६४ लाही (पूर्णांकांच्या टाइपलाही) संशय येत नाही. एरर नाही, पॅनिक नाही, काही नाही.

डिकोडरवर यूजनंबर (संख्या फ्लोट न करता जशीच्या तशी ठेवणारा पर्याय) लावून तात्पुरतं भागलं. पण त्या रस्त्याने आणखीही गळती होते. लहान अक्षराने सुरू होणारी फील्डं गायब, टॅगमध्ये डॅश असलेली गायब. आणि रिकामी तारीख ओमिटएम्प्टी (रिकामं फील्ड वगळ, असं सांगणारा टॅग) लावूनही जात नाही, ०००१ सालची १ जानेवारी होऊन पावतीवर उमटते. (त्यासाठीचा ओमिटझीरो गो १.२४ मध्ये, २०२५ साली आला. आम्हाला तो असता तर बरं झालं असतं.)

कॉफीनंतरबोलू
@रात्रपाळी, अगदी अगदी! आमच्याकडे जेसन नव्हतं, रिफ्लेक्शनवाला, म्हणजे प्रोग्राम चालताना टाइप तपासणारा, कॉपीअर होता. तो नावावर नाव जुळवतो. एपीआयवाल्यांनी 'मोबाईल'चं 'फोन' केलं. कंपाइल झालं, टेस्ट हिरव्या, आणि उत्तरात फोन रिकामा. टेस्टमध्ये फोन तपासलाच नव्हता, कारण तो 'आपोआप' येत होता ना.

पुणे३०
हाताने लिहिलं म्हणजे सुटलो असंही नाही. नंबरांची स्लाइस (गोमधली यादी) एका स्ट्रक्टमधून दुसऱ्यात दिली की दोघांच्या पोटात खाली एकच अ‍ॅरे असतो. आमच्या उत्तरात मोबाईल नंबरांवर फुल्या मारायच्या होत्या. मारल्या. मूळ स्ट्रक्ट कॅशमध्ये होता, त्यातल्या नंबरांवरही फुल्या. पुढच्या एसएमएसला नंबरच नाही! आता गो १.२१ पासूनचं स्लाइसेस.क्लोन (वेगळी प्रत करून देणारं फंक्शन) डोळे मिटून लावतो.

जावाचीबाजू
जावाच्या मॅपस्ट्रक्ट या मॅपर बनवणाऱ्या लायब्ररीत लक्ष्यातलं एखादं फील्ड जुळलं नाही तर मुळात फक्त वॉर्निंग येते आणि ती शेकडो ओळींत बुडते. अनमॅप्डटार्गेटपॉलिसी एरर करा, मगच त्याला मॅपर म्हणा. लोम्बोक (गेटर-सेटर आपोआप बनवणारी लायब्ररी) सोबत असेल तर त्या दोघांना जोडणारं बाइंडिंग विसरू नका, नाहीतर गेटर-सेटर दिसतच नाहीत.

निवृत्त_डीबीए
तुम्ही मंडळी टाइपच्या गोष्टी करताय, आमचं दुखणं निराळं. एका पतसंस्थेचा जुना डेटा नव्या सिस्टिममध्ये न्यायचा होता. जुन्या टेबलात 'नाव' असं एकच फील्ड. नव्या स्ट्रक्टमध्ये तीन: पहिलं, मधलं, आडनाव. जुनी नोंद करणाऱ्या कारकुनांपैकी कोणी दहावीच्या गुणपत्रिकेवरून लिहिलेलं, म्हणजे आडनाव आधी. कोणी सभासद तोंडाने सांगेल तसं, म्हणजे आडनाव शेवटी. 'गणपत' हे आडनाव की नाव, हे कुठली लायब्ररी सांगणार? लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या दोन-दोन नोंदी. 'भाऊसाहेब' काही ठिकाणी नाव, काही ठिकाणी मानाचं बिरुद. शेवटी जिथे खात्री नाही तिथे तीन फील्डं रिकामी ठेवली आणि मूळ ओळ जशीच्या तशी चौथ्या फील्डमध्ये जपली. शाखेतल्या लोकांनी सभासद काउंटरवर येईल तसं दुरुस्त केलं. नव्या मुलांना ते चौथं फील्ड कचरा वाटायचं. मी काढू दिलं नाही.

मधलीफळी
काका, चौथं फील्ड आवडलं. आमच्याकडेही मधल्या नावाचाच घोळ. ग्राहक फक्त मोबाईल बदलायला पाठवतो, मधलं नाव पाठवतच नाही, पण साध्या स्ट्रिंगला 'रिकामं' आणि 'दिलंच नाही' यातला फरक कळत नाही. मॅपर इमानदारीत जुनं नाव पुसून टाकतो. त्या रिक्वेस्टपुरते पॉइंटर केलेत, निल (म्हणजे काही दिलंच नाही) असेल तर हात लावायचा नाही.

गंजलेला_खिळा
म्युनिकहून, रस्टवाला. फ्रॉम ट्रेट (एका टाइपचा दुसरा करण्याची रस्टची पद्धत) लिहिताना स्रोत स्ट्रक्ट पूर्ण उलगडून घ्या आणि शेवटी 'बाकीची सोड' सांगणारी ती दोन टिंबं देऊ नका. उद्या कोणी फील्ड वाढवलं की कंपायलर नेमका त्या ओळीवर येऊन थांबतो. दोन टिंबं दिलीत की ही सोय गेली.

सेमीकोलनमुक्त
गोमध्ये त्याच्या जवळ जाणारं म्हणजे गोव्हर्टर, मॅपरचा कोड बनवून देणारं टूल. तुम्ही इंटरफेस लिहायचा, तो साधा वाचता येईल असा कोड तयार करून देतो. लक्ष्यातल्या फील्डला स्रोत सापडला नाही तर कोडच बनवत नाही. मुद्दाम सोडायचं असेल तर कॉमेंटमध्ये तसं लिहावं लागतं, म्हणजे रिव्ह्यू करणाऱ्याला दिसतं.

रात्रपाळी
नवीन डिपेंडन्सी नको असेल त्यांच्यासाठी: आम्ही मॅपर हातानेच ठेवले आणि एकच टेस्ट लिहिली. स्रोतातलं प्रत्येक फील्ड रिफ्लेक्टने काहीतरी भरून टाकायचं, मॅपर चालवायचा आणि लक्ष्यातलं प्रत्येक फील्ड रिकामं आहे का हे इझझीरोने विचारायचं. रिकामं निघालं की टेस्ट लाल, फील्डच्या नावासकट. मुद्दाम सोडलेल्यांची यादी त्याच फाइलमध्ये वर. आयडीत मात्र मोठा आकडा भरा, १ भरलात तर आमचा तो फ्लोटचा घोळ कधीच पकडला जाणार नाही.

पुणे३०
आणि मूळ स्ट्रक्ट बदलला नाही ना, तेही त्याच टेस्टमध्ये तपासा. फुल्या!