'होम अलोन'सोबत जिंजरब्रेड: कुकीज पसरतात का?

प्रश्न: रविवारी मुलांना 'होम अलोन' (1990) हा सिनेमा दाखवायचाय. सोबत जिंजरब्रेडची (सुंठ घातलेल्या कुकीजची) माणसं हवीत, पण ओव्हनमध्ये हातपाय पसरून नुसते गोळे होतात. काय चुकतंय?

उत्तर: लोणी मऊ पडतंय. 300 ग्रॅम मैदा, प्रत्येकी 100 ग्रॅम लोणी, ब्राउन शुगर, काकवी. 1 अंडं, 2 चमचे सुंठ, अर्धाच चमचा सोडा. पीठ तासभर फ्रीजमध्ये. 5 मिमी लाटा, कापा, ट्रेसकट पुन्हा 20 मिनिटं गार करा. 175 अंशांवर 10 मिनिटं.

उत्तर: सोडा वाढला तरी पसरतात, शिवाय साबणासारखी चव येते. कडा घट्ट झाल्या की काढाच, मधला मऊपणा गार होताना जातो.

उत्तर: 'एल्फ' (2003) सिनेमाला मात्र साध्या शुगर कुकीज! आयसिंग पूर्ण गार कुकीवरच, नाहीतर ओघळतं.