मुद्दाम निवडलेली साधी सायकल, साधी साधनं: अनुभव लिहा

बिनतारी गिअर आता सहज मिळतात. तरी परवडत असूनही केबलचे गिअर, स्टीलची फ्रेम आणि चावीचं घड्याळ धरून राहिलेली माणसं मला सारखी भेटतात. यात नुसतं आठवणींचं प्रेम आहे असं मला वाटत नाही. तुम्ही काय निवडलंत आणि ते का टिकलं, ते सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

माझ्या सायकलीचे गिअरचे दांडे फ्रेमच्या खालच्या नळीवर आहेत आणि त्यांना खटके नाहीत, म्हणजे दांडा ठराविक जागी अडकत नाही. सायकलीचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीने १९८४ मध्ये ड्युरा-एस या आपल्या रेसिंगच्या संचावर खटक्यांचे गिअर आणले. त्याआधी रेसिंगच्या सायकलींवर बहुधा असेच दांडे असत. चेनची खरखर थांबेपर्यंत दांडा हलवायचा, बस्स. खटक्यांच्या गिअरमध्ये केबल जराशी सैल पडली तरी गणित चुकतं, इथे मात्र हातच तेवढा फरक भरून काढतो. मागे सहा दातेरी चकत्या असोत की आठ, दांडा तोच चालतो. चढावर गिअर बदलायला हँडलवरचा हात खाली न्यावा लागतो, म्हणून चढ आधीच ओळखायची सवय लागली. ही सवय मला फार मोलाची वाटते.

—

मी ब्रेवे करतो, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या. २०० किमीला साडेतेरा तास, ६०० ला ४०. माझा दिवा पुढच्या चाकाच्या हबमधल्या (मधल्या तुंब्यातल्या) डायनॅमोवर चालतो. ६ व्होल्ट, ३ वॅट एवढीच वीज, पण आजच्या एलईडीला ती भरपूर होते. रात्री चार्जिंग किती उरलंय हा विचारच मनात येत नाही, आणि थकलेल्या डोक्याला त्याने केवढा आराम मिळतो! वाटेतल्या ठाण्यांवर शिक्के घ्यायचं ब्रेवेचं कार्डही मला तितकंच आवडतं. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही फ्रान्समधली प्रसिद्ध लांब पल्ल्याची सायकलफेरी १८९१ पासूनची. आता तिथे सायकलस्वारांना वेळ नोंदवणारी चिप देतात, तरी कार्डावर शिक्का लागतोच. घामाने मऊ पडलेलं ते कार्ड खिशात असलं की आपण कुठवर आलो ते हाताला कळतं.

—

माझा अनुभव चाकाचा. रिमचा आउट, म्हणजे वाकडेपणा, मी घरीच काढते. सायकल उलटी करायची, चाक फिरवायचं आणि ब्रेकचं रबर कुठे घासतंय ते बघायचं. रिम डावीकडे झुकली असेल तर तिथले उजवीकडचे आरे पाव फेरी आवळायचे, डावीकडचे तेवढेच सैल करायचे आणि पुन्हा फिरवायचं. घाई केली की रिम वरखाली उडायला लागते. आरे बोटाने छेडून बघते, एका बाजूचे सगळे साधारण एकाच सुरात लागले पाहिजेत. वजन माझं, खड्डे रस्त्याचे, आणि ते सगळं या बारीक तारा एकमेकींत वाटून घेतात. हे समजल्यापासून चाकाकडे बघायची माझी नजरच बदलली. बंद डब्यातल्या यंत्रात हे कधी दिसलं नसतं.

—

वरचं सगळं पटतं, पण पावसाळी घाटउतारावर मी ऑइलचे डिस्क ब्रेकच वापरतो. ओल्या रिमवर रबर पकड घ्यायला वेळ लावतं. साधेपणासाठी जीव धोक्यात घालू नये. बाकी सायकल केबलचीच आहे.

—

सायकलबाहेरचं चालेल ना? उशाशी फोन नको म्हणून मी चावीचं गजराचं घड्याळ घेतलं. झोपण्याआधी चावी देणं ही आता दिवस संपल्याची खूण झाली आहे. फोटोंसाठी रोलचा कॅमेरा आहे. एका रोलवर ३६ फोटो, त्यामुळे बटण दाबण्याआधी उजेड कुठून येतोय ते बघतेच. मग सायकलवरचा कॉम्प्युटरही काढला. चढावर सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आलं तर वेग बरोबर, शब्द तुटायला लागले तर गिअर हलका करायचा. मला एवढं पुरतं.

—

चाकाबद्दल लिहिणाऱ्या ताईंना एक विचारायचंय. माझ्या मागच्या चाकात दोन बाजूंचे सूर वेगळे लागतात. आवळून सारखे करू का?

—

नको. गिअरच्या बाजूचे आरे मुळातच जास्त ताणलेले असतात, त्यांचा सूर वरचाच लागणार. डाव्यांची तुलना डाव्यांशी आणि उजव्यांची उजव्यांशीच करा. एखादाच आरा भद्द वाजत असेल तर आधी तो बघा.