तेर गाव नक्की किती जुनं आहे?

माझ्या आजीचं माहेर तेर, धाराशिव जिल्हा. आम्हाला लहानपणापासून एवढंच माहीत की गोरोबाकाकांचं गाव, चैत्र वद्य एकादशीला यात्रा भरते. पण आजी म्हणते काकांच्याही आधी तिथं मोठं शहर होतं, पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर पाऊस पडून गेला की पोरं मणी वेचायची आणि तिथली जुनी वीट पाण्यात टाकली तर तरंगते. हे कितपत खरं? कुणी सांगेल का?

तेरणाकाठ:
आजी अगदी बरोबर सांगतात. गोरोबाकाकांची समाधी 1317 ची, म्हणजे ज्या गावात काकांनी थापटण्यानं संतांची डोकी मडक्यांसारखी तपासली आणि नामदेवांना कच्चं ठरवलं ते गाव तेव्हाच हजारेक वर्षांहून जुनं होतं. जुनं नाव तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय की पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे आणि तिथलं जाडंभरडं कापड, मलमल गाड्यांत भरून गुजरातेतल्या भडोचच्या बंदरात जातं. बैलगाडीनं, डोंगर उतरून, एवढ्या लांब! मला तर याचंच जास्त अप्रूप वाटतं, विणणारी माणसं आपल्याच भागातली ना.
विटेचं पण खरं आहे. मातीत भुस्सा कालवून भाजायचे, भुस्सा जळून आत पोकळ्या राहतात म्हणून वीट हलकी होते.

जुनी_नाणी:
थोडी भर घालतो. तगर म्हणजे कुठलं गाव यावर आधी बराच वाद होता, कुणी देवगिरी म्हणायचं कुणी जुन्नर, 1901 साली फ्लीट या इंग्रज संशोधकानं ते तेरच असं मांडलं. शिलाहार राजे कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करायचे तरी स्वतःला तगरपुरवराधीश्वर, म्हणजे थोर तगर नगरीचे स्वामी, म्हणवून घ्यायचे, मूळ गावाचा अभिमान बघा. गावात गेलात तर त्रिविक्रमाचं मंदिर बघाच, विटांचं आहे, मागची बाजू अर्धगोल, पुरातत्त्वाचे अभ्यासक कझिन्सना ते मूळचं बौद्ध चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेची जागा, वाटलं होतं.

तेरणाकाठ:
आणि लामतुरे म्युझियम चुकवू नका!! रामलिंगप्पा लामतुरेंनी शेतात, टेकाडांवर सापडलेल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, नाहीतर सगळं मोडीत गेलं असतं. तिथली बाईची हस्तिदंती मूर्ती बघा, अशीच एक इटलीत पॉम्पेईला सापडली आणि ते शहर इ.स. 79 मध्ये राखेखाली गाडलं गेलंय, म्हणजे काळ कुठला ते तुम्हीच धरा. एकच कळकळीची विनंती, टेकाडावर मणी खापर दिसलं तर खिशात घालू नका, म्युझियमात नेऊन द्या आणि कुठं सापडलं ते पण सांगा.

प्रश्नकर्ती:
खूप खूप आभार दादा! आजीला सगळं वाचून दाखवलं. कापडाचं ऐकून गप्पच झाली, मग म्हणाली तिच्या लहानपणीचे मणी अजून ट्रंकेत आहेत. यात्रेला जाऊ तेव्हा तिच्याच हातानं म्युझियमात देणार आहोत.