बोर्डिंग गेटवर बारकोडऐवजी एनएफसी का वापरत नाहीत?

प्रश्न:
नमस्कार. कार्ड टेकवले की कार्यालयाचे दार उघडते, फोन टेकवला की पैसे चुकते होतात. विमानात चढताना मात्र फोनचा उजेड वाढवून बारकोड काचेवर धरावा लागतो आणि पडदा तडकलेला असला तर तोही यंत्राला वाचता येत नाही. एनएफसी (असे टेकवून चालणारे रेडिओ तंत्र) जेमतेम चार सेंटिमीटरच्या आत चालते. मग ते बारकोडपेक्षा अधिक सुरक्षित नाही का?

उत्तर १:
प्रयोग झाले आहेत. जपानच्या ऑल निप्पॉन एअरवेजचे प्रवासी फेलिका (जपानमध्ये रूढ असलेली एनएफसी प्रकारची) चिप असलेले कार्ड किंवा फोन टेकवून गेट ओलांडत असत. ती सोय २०२३ मध्ये बंद झाली. बारकोडची खरी ताकद म्हणजे एकच स्कॅनर कागदही वाचतो आणि फोनही. शिवाय अनेक विमानतळांवर एकच गेट दिवसभरात वेगवेगळ्या कंपन्या वापरतात, त्यामुळे रीडर बदलायचे तर सर्वांचे एकमत हवे.

उत्तर २:
अंतर कमी म्हणजे सुरक्षा जास्त, हे गृहीतकच मला पटत नाही. एक फोन खऱ्या कार्डाजवळ, दुसरा रीडरजवळ आणि मध्ये इंटरनेट, एवढ्यावर चार सेंटिमीटरचे अंतर कितीही लांबवता येते. यालाच रिले हल्ला म्हणतात. उलट बारकोडची नक्कल सहज होत असली तरी गेटवर निर्णय बारकोड घेत नाही, कंपनीच्या प्रणालीतील प्रवासी यादी घेते, आणि तोच पास दुसऱ्यांदा आला की यंत्र अडवते. (पासचा फोटो समाजमाध्यमांवर टाकणे हा मात्र शुद्ध वेडेपणा, कारण आडनाव आणि आरक्षण क्रमांक मिळाला की अनेकदा तिकिटात बदलही करता येतो.)

उत्तर ३:
नक्कल होऊ न देणे जिथे खरोखर महत्त्वाचे आहे, तिथे एनएफसीच्याच, म्हणजे १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरींवरची चिप केव्हाच आली आहे: ई-पासपोर्टमध्ये. स्वयंचलित गेटवर पासपोर्ट उघडून ठेवायला सांगतात, कारण पानाच्या तळाशी छापलेल्या ओळींतील पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि वैधतेची तारीख यांपासून किल्ली तयार होते आणि त्याशिवाय चिप माहिती देत नाही. पान जरा तिरके पडले तर गेट ढिम्म हलत नाही, ते बहुधा यामुळेच. आतील माहितीवर पासपोर्ट देणाऱ्या देशाची डिजिटल स्वाक्षरी असते.
मला जास्त काळजी कर्मचाऱ्यांच्या दारांची वाटते. दारे उघडायला सर्रास वापरल्या गेलेल्या मायफेअर क्लासिक कार्डांचे कूटलेखन संशोधकांनी २००८ मध्येच फोडून दाखवले. आणि जो रीडर कार्डाचा केवळ क्रमांक वाचून दार उघडतो, त्याला फसवायला तेवढेही करावे लागत नाही.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. फोनची बॅटरी संपली तर एनएफसी चालते का?

उत्तर २:
काही फोनमध्ये बॅटरी संपल्यावरही निवडक कार्डे काही तास चालतात. मी मात्र छापील पास खिशात ठेवतो.